शिलोह तळ्याची वाट

पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. आमेन.

पायी चालत आलेल्या, एस.टी.ने आलेल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लेकरं मांडीवर घेऊन आलेल्या सर्व माउलींना आणि बापांना जय ख्रिस्त. हे कीर्तन रेकॉर्ड करून घेतायत, पुढं पुस्तकात छापणार आहेत म्हणे. तेव्हा मांडवात बसलेल्यांना तर सांगतोच, पण घरी दिव्याखाली बसून हे वाचणाऱ्या भाविका, तुलाही सांगतो. तूही या यात्रेतलाच धर. बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय!

आजचं पद साधं आहे. मीच रचलेलं आहे, त्यात चूक असली तर माझी, बरं असलं तर देवाचं.

डोळां माखे माती । हाती धरी काठी ।
शब्द तुझा पाठी । चालतो मी ॥

तळ्याची ती वाट । नाही पाहियेली ।
हाक ऐकियेली । तेच पुरे ॥

मग भेटी देई । टाकिलेल्या जना ।
नको माझ्या मना । दुजे काही ॥

मंडळी, आज यात्रेचा दिवस. मांडवाला विजेच्या माळा लागल्यात. वेदीपुढं मेणबत्त्यांची गर्दी एवढी, की एक लावायला गेलं तर दुसरी वाकडी होते. मग कुणी म्हणेल, बुवा, एवढ्या उजेडात तुम्ही अंधाराचं कीर्तन कशाला काढलं? तर ऐका. प्रभूनं अंधाराचा विषय काढला तोही असाच झगमगाट असलेल्या सणाच्या दिवसांत.

यरुशलेमात मंडपांचा सण असे. लोक फांद्या-झावळ्यांचे मांडव घालून सात दिवस त्यात राहत. चाळीस वर्षं रानात तंबूंत काढली, त्याची ही आठवण. त्या सणात मंदिराच्या अंगणात सोन्याचे मोठमोठे दीपस्तंभ उभे करत. इतके उंच, की तेल घालायला शिड्या लावाव्या लागत. आणि वाती कशाच्या, माहीत आहे का? याजकांचे जुने, विटके कपडे फाडून त्यांच्या वाती करत! यहुद्यांच्या मिशना ग्रंथात याची नोंद आहे. शहरातल्या अंगणा-अंगणांत तो उजेड पोहोचत असे. आणि रोज सकाळी खाली शिलोह तळ्यावर जाऊन सोन्याच्या भांड्यात पाणी भरून आणत आणि वेदीवर ओतत. हे शिलोह नाव ध्यानात ठेवा, आपल्याला तिथंच जायचं आहे.

आता योहानाचं शुभवर्तमान उघडा. सातव्या अध्यायात प्रभू या सणाला जातो. आठव्यात तो मंदिरात उभा राहून सांगतो की जगाचा प्रकाश मी आहे. आणि नववा अध्याय उघडला की पहिल्याच ओळीत कोण भेटतं? जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस. शहरभर दिवे, आणि त्याला त्यातला एकही ठाऊक नाही. दिव्यांचा सण त्याला कळायचा तो तेलाच्या वासानं आणि लोकांच्या गलक्यानं.

शिष्यांनी त्याला पाहिलं. पाहून काय केलं? भाकर विचारली का? पाणी विचारलं का? नाही. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की हे कुणाच्या पापाचं फळ? याच्या, की याच्या आईबापाच्या? माणूस समोर बसलाय, त्याला कान आहेत, त्याला सगळं ऐकू येतंय, आणि हे त्याच्या देखत त्याच्या पापाचा हिशोब मांडून बसलेत.

हसू नका. हा हिशोब मीही मांडलाय.

पुष्कळ वर्षं झाली. अशीच एक यात्रा होती. कीर्तन आटोपलं, मी वीणा उतरवत होतो. एक बाई पुढं आली. ऊसतोडीच्या फडावरून आली होती. हातावर पाचटाचे ओरखडे होते. म्हणाली, "बुवा, माझं पोरगं तापानं गेलं. मी उपास धरले, नवस बोलले, अनवाणी आले. तरी गेलं. आता डोळे मिटले की नुसतं काळं दिसतं. प्रार्थनेला बसले तर शब्द येत नाही. माझं काय चुकलं?"

मला घाई होती. जेवण निवत होतं. मी म्हणालो, "बाई, विश्वास कुठंतरी कमी पडला असेल. पाप कबूल करा, प्रार्थना वाढवा." तिनं मान हलवली. पदराच्या गाठीतले दहा रुपये सोडले, तबकात ठेवले आणि गेली. पुढच्या यात्रेत मी तिला शोधलं, ती दिसली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

भाविकहो, त्या दिवशी आंधळा कोण होता? ती होती की मी होतो? आजचं सगळं कीर्तन त्या एका प्रश्नाचं उत्तर म्हणून आहे.

अंधार म्हटलं की आपण एकच अंधार ओळखतो. पण नीट बघितलं तर तो तीन तऱ्हेचा असतो.

पहिला पापाचा अंधार. तो माणूस स्वतः करतो. भावाच्या जमिनीचा बांध कोरला, दारूपायी बायकोचं मंगळसूत्र मोडलं, मापात मारलं, खोटी साक्ष दिली. मग उजेड नकोसा वाटतो, कारण उजेडात ते दिसतं. या अंधाराला औषध आहे: पश्चात्ताप, पापनिवेदन, आणि ज्याचं घेतलं त्याला परत करणं. जक्कयानं चौपट परत केलं, मगच त्याच्या घरात सण झाला.

दुसरा दुःखाचा अंधार. तो माणूस करत नाही, त्याच्यावर येतो. मरण येतं, दुष्काळ येतो, आजार येतो, कर्ज होतं. या माणसाला 'पश्चात्ताप कर' म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला 'धाव' म्हणणं.

आणि तिसरा अंधार सगळ्यांत अवघड. तो प्रार्थनेचाच अंधार. माणूस पापात नाही, संकटातही नाही, देवाच्या कामात आहे, आणि तरीही देव जवळ असल्याचं काही जाणवत नाही. हा अंधार संतांनाही चुकला नाही. स्पेनमधले क्रूसभक्त संत योहान १५७७ साली पकडले गेले. कुणी पकडलं? त्यांच्याच संघातल्या भावांनी! तोलेदो शहरातल्या मठात एका कोंदट खोलीत नऊ महिने डांबलं. तिथं त्यांनी गीतं रचली, आणि पुढं आत्म्याच्या काळ्या रात्रीवर सबंध ग्रंथ लिहिला. आपल्याकडं कोलकात्यात मदर तेरेसा. त्यांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा जग चकित झालं. रस्त्यावरची मरणारी माणसं उचलणारी ही बाई वर्षानुवर्षं आतून कोरडी होती, देव जवळ असल्याचा अनुभव तिला येत नव्हता. तरी पहाटे उठत होती, गुडघे टेकत होती, बादली घेऊन निघत होती.

तर बाबांनो, एखादा अंधारात बसलेला दिसला की लगेच पहिल्याच अंधाराचं औषध त्याच्या तोंडात कोंबू नका. प्रभूनं शिष्यांचा हिशोब मोडून टाकला. याचंही पाप नाही, आईबापाचंही नाही, इथं देवाचं काम दिसायचं आहे, असं त्यानं सांगितलं. आणि तो बोलत उभा राहिला नाही. कामाला लागला.

काम कसं केलं बघा हं. जमिनीवर थुंकला, माती कालवली आणि ती त्याच्या डोळ्यांना माखली. तुम्ही डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलात आणि त्यानं डोळ्यांत माती घातली, तर काय कराल? गावभर त्याची अब्रू काढाल! आधीच दिसत नाही, त्यावर वरून चिखल. आणि आज्ञा काय? जा, शिलोह तळ्यात धू. बरोबर कुणाला दिलं का? नाही. मी येतो म्हणाला का? नाही. निघताना दिसू लागलं का? तेही नाही.

शिलोह तळं शहराच्या दक्षिण टोकाला, अगदी खाली आहे. मंदिर वर, तळं उतारावर. म्हणजे हा माणूस आंधळाच निघाला, तोंडाला चिखल घेऊन, उताराच्या वाटेनं, सणाच्या दिवसांतल्या गर्दीतून. लोक हसले असतील. पोरं मागं लागली असतील. त्याच्याजवळ काय होतं? एक शब्द होता. ज्यानं तो दिला त्याचं तोंडही त्यानं पाहिलेलं नव्हतं.

माझ्या कीर्तनाचं सार इथं आहे. आपण म्हणतो, देवा, आधी उजेड दे, मग चालतो. प्रभू म्हणतो, चाल, उजेड वाटेच्या टोकाला आहे. तो माणूस डोळे उघडल्यावर तळ्याकडे गेला नाही, तळ्याकडे गेल्यावर त्याचे डोळे उघडले.

त्या तळ्यातल्या पाण्याचीही गंमत ऐका. ते पाणी तिथलं नव्हे. शहराच्या पूर्वेला गीहोन नावाचा झरा आहे. वैरी चाल करून येणार म्हणून हिज्किया राजानं ते पाणी खडक फोडून आत आणलं. त्या भुयाराची लांबी सुमारे ५३३ मीटर, सगळं खडकातून. दोन टोळ्या दोन टोकांनी खोदत निघाल्या. आत सूर्य नाही. मग एकमेकांना सापडले कसे? १८८० साली त्या भुयाराच्या भिंतीवर एक जुना लेख सापडला. त्यात लिहिलंय की शेवटचे काही हात उरले तेव्हा खडकापलीकडून माणसाची हाक ऐकू आली, आणि त्या हाकेच्या रोखानं घाव घालत ते एकमेकांना मिळाले. अंधारात दिसलं नाही, पण ऐकू आलं! ज्या पाण्यानं आंधळ्याचे डोळे धुतले गेले, ते पाणीही अंधारातून आणि हाकेच्या वाटेनंच आलं होतं.

पुढं काय झालं? त्याला दिसू लागलं. आता सगळं गोड झालं असेल ना? नाही. शेजारी म्हणतात, हा तो नव्हेच. परुशी म्हणतात, शब्बाथाच्या दिवशी बरं केलं म्हणजे करणारा पापी. आईबाप घाबरले, म्हणाले, तो मोठा आहे, त्यालाच विचारा. पोटच्या पोराला दिसू लागलं आणि आईबापाला त्याच्या बाजूनं उभं राहता आलं नाही! शेवटी त्याला सभास्थानाबाहेर हाकलून दिलं. आंधळा होता तेव्हा भीक मिळत होती, दिसू लागल्यावर घर, गाव, मंदिर सगळं सुटलं.

आणि तेव्हा, माउलींनो, तेव्हा प्रभू त्याला शोधत आला. हे आपण नेहमी विसरतो. शिलोहावर डोळे उघडले तेव्हा प्रभू तिथं नव्हता. त्याला पाणी दिसलं, आकाश दिसलं, पायऱ्या दिसल्या, येशू दिसला नाही. आधी तो सांगे, येशू नावाच्या एका माणसानं बरं केलं. मग म्हणू लागला, तो संदेष्टा आहे. मग म्हणाला, देवाकडून आल्याशिवाय असं कुणाला करता येणार नाही. आणि हाकलून दिल्यावर जेव्हा तो समोर उभा राहिला, तेव्हा 'प्रभू' म्हणून पायांशी वाकला. डोळे एका दिवसात उघडले असतील, दर्शन पायरी-पायरीनं झालं.

म्हणून बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर फुशारकी नको. त्या पाण्यानं डोळे उघडतात हे खरं, पण ज्यानं पाठवलं त्याची भेट अजून व्हायची असते.

घ्या, नाम घ्या. टाळ वाजू द्या. येशू माझा तारक, येशू माझा प्रकाश!

(भजन)

आता आख्यान. फार लांब जायचं नाही. पुण्याहून दौंडकडे रेल्वेनं निघालं की वाटेत केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती सदनाच्या पंडिता रमाबाईंची ही गोष्ट.

यात्रेकरूंनो, रमाबाई तुमच्याहून मोठ्या यात्रेकरू होत्या. जन्म २३ एप्रिल १८५८ चा, गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. लोकांचा विरोध पत्करून शास्त्रीबुवांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईनं रमाला शिकवलं. पुढं हे कुटुंब तीर्थातीर्थांना पायी हिंडू लागलं. देवळात बसायचं, पुराण सांगायचं, ताटात पडेल ते खायचं. म्हणजे आम्हा कीर्तनकारांच्याच बिरादरीतले म्हणा ना!

मग दुष्काळ आला. पुराणाला बसायला श्रोते नाहीत, ताटात दाणा नाही. भीक मागायची लाज, कष्ट करायची सवय नाही. रानातला पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले. थोड्याच दिवसांत रायचूरला आई गेली. तिला उचलायला खांदा मिळेना. दोन माणसांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी कोण? रमा. ती उंचीनं एवढी ठेंगणी, की तिरडी खांद्यावर घेता येईना. तिनं आईची तिरडी डोक्यावर घेतली. हे तिनं स्वतः लिहून ठेवलंय. सोळा-सतरा वर्षांची पोर, आणि डोक्यावर आई.

पुढं थोरली बहीणही गेली. मग ही दोघं भावंडं चालत चालत कोलकात्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी १८७८ साली तिला पंडिता म्हटलं, सरस्वती म्हटलं. पण दोनच वर्षांत भाऊ गेला. लग्न केलं, मुलगी झाली, मनोरमा नाव ठेवलं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. मोजा. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा. कुणाचं पाप? आहे कुणाची छाती हिशोब मांडायची?

ती पुण्याला आली, तिथून विलायतेला शिकायला गेली, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज गावी तिचा बाप्तिस्मा झाला. कीर्तनकाराला इथं गोष्ट संपवायचा मोह होतो. झालं, अंधार गेला, उजेड आला, बोला जय. पण रमाबाई खऱ्या होत्या. त्यांनी आपल्या साक्षीत कबूल केलंय, की पुढची आठ वर्षं आपल्या हाती धर्म आला होता, धर्माचा धनी भेटला नव्हता. आठ वर्षं, मंडळी! पुस्तक वाचत होत्या, प्रार्थना करत होत्या, १८८९ साली मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं होतं. काम चालू होतं, आत मात्र चाचपडणं होतं.

आणि बाहेर काय चाललं होतं? आपले लोक म्हणत, हिनं धर्म बुडवला. नव्या धर्मातल्या वडीलधाऱ्यांना हिचे प्रश्न सोसेनात, म्हणत, ही फार विचारते, मुकाट ऐकत का नाही? दोन्ही दारं अर्धी लागलेली. सभास्थानाबाहेर काढलेल्या त्या माणसासारखी ती मध्येच उभी. १८९१ च्या सुमारास तिला कळून आलं, की आपण आहोत तशा, रिकाम्या हातांनी, त्याच्यापुढं उभं राहायचं. आपली विद्या नाही, आपली शिस्त नाही, तोच पुरे. शिलोहावर आठ वर्षांपूर्वी डोळे धुतले होते, भेट आता झाली.

आता तुम्ही म्हणाल, मग सुख लागलं असेल. आला १८९६ चा दुष्काळ! मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर पडू लागली. रमाबाईंना आपला पाला खाल्लेला दुष्काळ आठवला. दुसरा असता तर म्हणाला असता, ती आठवण नको, दार लावा. त्या तिकडं गेल्या. पोरक्या, विधवा, हाडं वर आलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, झोपड्या घातल्या. पुढं गुजरातेत दुष्काळ पडला, तिथूनही आणल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीत जवळजवळ दोन हजार जीव जेवत होते. ज्या अंधारातून ती स्वतः चालली होती, त्या अंधारातल्या वाटा तिला पाठ होत्या. म्हणून तर तिला तिथं माणसं सापडली.

या मुलींत आंधळ्याही होत्या. त्यांच्यासाठी निराळं घर केलं, त्याचं नाव बार्तीमी सदन. यरीहोच्या रस्त्यावर ओरडणारा आंधळा बार्तीमय, त्याच्या नावावरून. मनोरमा अमेरिकेत शिकायला गेली होती, तिथून ब्रेल लिपी शिकून आली होती. ब्रेल म्हणजे सहा ठिपक्यांचा खेळ. कागदावर उठलेले ठिपके बोटांनी वाचायचे. मनोरमेनं त्या मुलींच्या बोटांना अक्षरं दिली.

जरा थांबा इथं. बार्तीमयाला प्रभूनं डोळे दिले. बार्तीमी सदनातल्या मुलींचे डोळे उघडले का? नाही उघडले. नवस बोलूनही उघडले नसते. मग त्यांच्या वाट्याला उजेड आला नाही का? आला! बोटांच्या टोकावर आला. रात्री सगळं सदन दिवे मालवून झोपलं, की डोळस मुलींचं वाचन बंद पडे, आणि आंधळ्या पोरीला मात्र पांघरुणातसुद्धा शुभवर्तमान वाचता येई.

प्रभू प्रत्येकाला एकाच जागी उजेड देत नाही. कुणाच्या डोळ्यांत देतो, कुणाच्या बोटांत, कुणाच्या नुसत्या पायांत देतो. पायांतला उजेड म्हणजे काय? का जगायचं ते कळत नसताना उठून शेळीला पाला टाकणं. शेजारणीच्या लेकराला दोन घास भरवणं. शब्द येत नसताना गुडघे टेकून गप्प बसणं. तीही प्रार्थनाच.

आख्यानाचा शेवट सांगतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्र बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणायला घेतलं. बारा-पंधरा वर्षं ते काम चाललं. मुक्तीतल्या मुलीच खिळे जुळवत, मुलीच छापत. रमाबाईंना ऐकू येईनासं झालं होतं. तेवढ्यात जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, सगळ्या कामाचा आधार. आईची तिरडी डोक्यावर घेणाऱ्या बाईनं लेकीचं मरणही पाहिलं. त्या म्हाताऱ्या, बहिऱ्या आईनं काय केलं? मुद्रितं तपासायची राहिली होती, ती तपासत राहिली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. सबंध ग्रंथ छापून बाहेर आला १९२४ मध्ये. त्यांनी तो बांधलेला पाहिला नाही. पण चालणं सोडलं नाही.

आता मूळ पदावर येतो. यात्रेहून घरी जाताना तीन गोष्टी पदरात बांधून न्या.

एक. अंधारात बसलेल्याला पाप विचारू नका. आधी पाणी विचारा, मग जवळ बसा. बोलायचं सुचलं नाही तर बोलू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर शहाणे होते, तोंड उघडलं आणि चुकले.

दोन. तुम्हीच अंधारात असाल तर मोठा उजेड मागत बसू नका. प्रभूनं शेवटचा जो शब्द तुम्हाला दिला होता, तोच धरून चाला. तो साधाच असेल. भावाशी बोल. म्हातारीला औषध दे. रविवारी मिस्साला जा. चिखल डोळ्यांवर असला तरी निघा.

तीन. झोप उडाली, अन्न गोड लागेना, जीव नकोसा वाटू लागला, तर ते लपवू नका. घरच्याला सांगा, फादरना सांगा, आणि डॉक्टरकडे जा. तिथं जाण्यात विश्वासाला काही बट्टा लागत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. प्रभू कधी स्पर्शानं बरं करतो, कधी तळ्यावर पाठवतो. दवाखाना हेही शिलोह तळंच समजा.

आणि आता माझं देणं. उसाच्या फडावरून आलेल्या माझ्या बहिणी, तू या मांडवात असशील, किंवा कुणी तुला हे पुस्तकातून वाचून दाखवत असेल, तर ऐक. त्या रात्री मी खोटं बोललो. तुझा विश्वास कमी पडला नव्हता. पोर गेलेलं असताना तू अनवाणी चालत आलीस, याहून मोठा विश्वास मी दुसरा पाहिलेला नाही. तुझ्या डोळ्यांवरच्या अंधारात मी आणखी चिखल घातला, आणि तो प्रभूच्या हातचा नव्हता, माझ्या घाईचा होता. मला क्षमा कर. तुझे दहा रुपये माझ्या अंगावर आहेत. ते मी दर यात्रेला एका मेणबत्तीत घालतो आणि तुझ्या लेकराच्या नावानं लावतो. तुझं नावही मी विचारलं नव्हतं. पण त्याला ठाऊक आहे.

आता सगळे उभे राहा. मांडवातले दिवे जरा मालवा. हातातल्या मेणबत्त्या पेटवा, पण एक करा: आपली आपण पेटवू नका. शेजारच्याकडून घ्या, आणि ज्याच्याजवळ नाही त्याला अर्धी मोडून द्या. घरी वाचणाऱ्या भाविका, तूही पुस्तक क्षणभर मिटून ठेव, आणि अंधारात बसलेलं एक माणूस मनात आण.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, जे पापाच्या अंधारात आहेत त्यांना परत फिरव. जे दुःखाच्या अंधारात आहेत त्यांच्याशेजारी कुणालातरी बसव. जे तुला हाक मारतात आणि ज्यांना उत्तर ऐकू येत नाही, त्यांना खडकापलीकडून तुझा आवाज येऊ दे. आमच्या डोळ्यांवर माती आहे, पायांना चालतं ठेव. ज्यांना बाहेर काढलं गेलं, त्यांना शोधत ये. आणि आम्हा बोलणाऱ्यांच्या तोंडाला, बाबा, थोडा आवर घाल. आमेन.

बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय! मतमाउली की जय!